कोठीजवळची दुपार

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. बाबा पक्के बौद्ध. कारणाशिवाय काही घडत नाही, हे त्यांचं रोजचं वाक्य. तरी एका दुपारचं कारण मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही... म्हणून लिहितेय.

१९८१-८२ असेल, मे महिना. आम्ही मूळचे नागपूरचे, पण तेव्हा बाबांच्या नोकरीमुळे उत्तरेत राहत होतो. बाबांचं सरकारी ऑफिस हज़रतगंजला आणि घर अलीगंजमध्ये भाड्याचं – दोन खोल्या, मागे आंगन. वर्षाचा गहू भरताना सोंडे होऊ नयेत म्हणून आई त्यात बिब्बे टाकायची. ते दर वर्षी नागपूरहून मामा आणायचा. मला मात्र बिब्बा चटकन उततो. सात वर्षांची असताना नुसती पुडी सोडली, तर गालभर फोड आले होते. तेव्हापासून आई मला त्याच्या आसपास फिरकू देत नसे.

त्या वर्षी मामाचं येणं झालं नाही. घरात एकही बिब्बा नव्हता. बाबांना ऑफिसात कोणीतरी धान्यात ठेवायच्या गोळ्या दिल्या, घुन म्हणजे सोंडे लागणारच नाहीत म्हणाले. बाबांनी सकाळी त्या गव्हाच्या कोठीत टाकल्या, झाकण दाबलं आणि स्कूटरला किक मारून गेले. झाकणाला एका बाजूने पोचा होता, ते नीट बसतच नसे. कोठी मागच्या खोलीत. थंड म्हणून मी आणि चार वर्षांचा मिलिंद दुपारी तिथेच झोपायचो. बाहेर लूच्या गरम झळा, त्यामुळे दारं-खिडक्या बंद.

डोळा लागतो न लागतो तोच गालाची आणि मानेची आग व्हायला लागली. मी रडत उठून आईकडे गेले. तिने मला उजेडात धरलं.

"अगं, हा तर बिब्बा उतलाय. कुठं हात लावलास?"

मी कुठेच लावला नव्हता. तिने मला आंगनात नळाखाली नेलं. मिलिंदही "दीदी को क्या हुआ?" करत मागोमाग आला. मग तेल लावून तिने आम्हाला व्हरांड्यातच बसवलं.

तासाभराने ती माझा दुसरा फ्रॉक आणायला मागच्या खोलीत गेली आणि लगेच तोंडावर पदर दाबून परतली. आत कुजल्यासारखा उग्र वास होता. आमच्या सतरंजीवर दोन चिमण्या मरून पडल्या होत्या – झरोक्यात घरटं होतं त्यांचं. शेजारच्या चाचीने गोळ्यांचं ऐकलं आणि आम्हा दोघांना जवळ ओढून घेतलं. बंद खोलीत त्या गोळ्यांची हवा माणूसही मारते, हे आम्हाला तिच्याकडून कळलं.

संध्याकाळी बाबांनी मला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांमुळे असे फोड येत नाहीत, डॉक्टर म्हणाले. "भिलावा लगा है. घर में कहीं होगा, देखिए."

भिलावा म्हणजे आपला बिब्बा. आईने डबे, ट्रंका, उशा सगळं उलथंपालथं केलं. धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करतात हे बाबांना आठवलं, पण आमचे कपडे आई घरीच धुवायची. मिलिंदला तर एक पुरळही नव्हती. आईचं म्हणणं होतं, काहीही असो, लेकरं बाहेर आली ना? बाबांना ते पुरत नव्हतं. कारण असणारच, आपल्याला ठाऊक नाही एवढंच, म्हणायचे. माझंही मत तेच आहे... फक्त ते कारण अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर बाबांना एक सवय लागली. सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही झोपलो की ते हळूच यायचे आणि आमच्या नाकाखाली बोट धरायचे. आधी मिलिंदच्या, मग माझ्या. मी कॉलेजात जाईपर्यंत हे चाललं. बऱ्याचदा मी जागीच असायची. डोळे मिटून पडून राहायची आणि त्यांच्या बोटाला नीट लागावा म्हणून श्वास जरा जोरात सोडायची.