पंप बंद ठेव म्हटलं होतं

आज दुपारी सव्वातीनला आईने कूलरच्या पंपाचं बटण दाबलं आणि माझं सगळं संपलं.

मित्रांनो, आम्ही नाशिक रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर तापलेला स्लॅब. दुपारी कॉम्प्युटर तापून बंद पडायचा, म्हणून मी त्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर कूलर लावला होता. नुसता पंखा चालू, पंप बंद. पाणी उडायला नको म्हणून. आईला दहादा बजावलं होतं.

दूध घेऊन वर आलो तर जळका वास, स्क्रीन काळी, आत थेंबच थेंब. गल्लीतला दुरुस्तीवाला बघून म्हणाला, "भाऊ, हार्ड डिस्क पण गेली."

त्यात पल्लवीचे व्हॉइस मेसेज होते. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा सगळे हसले, ती एकटीच रोज बोलायची. मागच्या महिन्यात तिचं लग्न झालं. त्या दिवशी रागात मोबाईलमधले सगळे मेसेज मी पुसले. कॉम्प्युटरमधले तेवढे राहिले होते.

"काय सांगितलं होतं तुला?" मी ओरडलो.

"अरे, कोरड्या वाऱ्याने काय गार होणार? मी तर टाकीत बर्फ पण टाकला."

"तुझ्यामुळे गेली ती! कायमची गेली!"

पदराने कॉम्प्युटर पुसता पुसता आईने वर बघितलं. "कोण गेली रे?"

आईला पल्लवी माहीतच नव्हती. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?

मी चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.