येडगोळी

"साडी सोड," साहेब म्हणाला.

तो पडद्याच्या बाहेर होता. मी आत. पडदा म्हणजे एक जुनी चादर, गुडघ्याच्या खाली पोचायची नाही. बाहेर पॅकिंगच्या चाळीस बाया रांगेत उभ्या. ठाणे-बेलापूर रोडवरची औषधाची कंपनी, सुटीची वेळ. त्या दिवशी आमच्या लाईनवर गोळ्यांच्या चार स्ट्रिप कमी भरल्या, म्हणून गेटवर झडती. बाकीच्यांना वरवर चाचपून सोडलं. मला आत घेतलं. का? तर मी कापत होते.

मी नेहमीच कापायचे. चार माणसांनी माझ्याकडे बघितलं की हात कापायचे, हनुवटी कापायची, मानेवर घाम, तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळ्या लाईनला ते माहीत होतं. पण साहेब पर्सोनेलचा, एसीत बसणारा, खाली कधी यायचा नाही. त्याने रांगेत मला बघितलं आणि म्हणाला, "ही बघा. हिचे हातच सांगतायत."

झडतीवाली सरूबाई आमच्याच बाजूच्या गावची. "सोड गो, लवकर होल," ती हळूच म्हणाली. मी सोडली. परकर झटकला. ब्लाऊजची बटणं काढायला लावली. केस मोकळे करायला लावले. साहेब बाहेरून दर मिनिटाला विचारत होता, "मिळालं? नीट बघ. हे लोक कुठंही लपवतात." काही मिळालं नाही. मिळणार कुठून? साडी धड नेसूसुद्धा दिली नाही. निऱ्या हातात धरून तशीच टेबलापाशी उभी केली.

टेबलावर कागद. इंग्रजीत टाईप केलेला. "सही कर."

मी दहावी पास. सही माझी झोकदार होती. घरी वहीच्या मागच्या पानावर शंभर वेळा केलेली. पण चाळीस जणी बघत होत्या आणि साहेबाचं तोंड माझ्यापासून वीतभर. पेन टेकवलं आणि हात असा उडाला की कागद टरकन फाटला.

"दहावी पास म्हणे," साहेब हसला. दुसरा कागद काढला. माझं मनगट धरलं, पिरगाळलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. अंगठा जांभळा झाला. मी पदराचं टोक शोधत होते. तो म्हणाला, "डोक्याला पूस. तुमच्या लोकांची तीच पद्धत ना?"

आणि मी पुसली. केसांना. सगळ्यांच्या समोर. त्याने केलं त्याची लाज त्याची. मी पुसली, ती माझी.

माझ्या बाबांनी तसंच केलं होतं. तळवलीला आमची भातशेती होती. जमिनीचे कागद घेऊन माणसं आली तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन, बाबांचा सदरा धरून उभी होते. त्यांनी अंगठा लावला आणि शाई डोक्याला पुसली. कागदात काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. मला बाबांचा राग यायचा. विचारलं का नाही? आता मीसुद्धा विचारलं नव्हतं.

घरी आले तर आईने माझं डोकं बघितलं. "काय झाला गो बाय?"  तिने अंगठा हातात घेतला आणि तिला सगळं कळलं. "तुझ्या बापसाच्या डोक्याला पन अशीच शाय होती," एवढंच म्हणाली. मग खोबरेल तेल घेऊन चोळत बसली. ती शाई तेलाने निघत नाही.

हे कापणं कुठून आलं ते मला नीट ठाऊक आहे. चौथीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं. पुस्तकात 'आहे' होतं, मी घरच्यासारखं 'हाय' वाचलं. बाईंनी मला बाकावर चढवलं. "परत वाच. वर्गाला हसू दे." वर्ग हसला. परत वाचलं, परत हसला. घंटा होईपर्यंत. खाली उतरले ती कापतच उतरले.

तेव्हापासून बसमध्ये कंडक्टरला 'एक तुर्भे' एवढं बोलायचं होईना, म्हणून मी चालत जायचे. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या थप्पीमागं, भिंतीकडं तोंड करून जेवायचे. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे हातातून सुटला, नवऱ्यामुलाच्या आईच्या मांडीवर. "फिट येते काय पोरीला?" एवढं विचारून ते गेले. आईने भगताला बोलावलं. त्याने बाधा सांगितली आणि वेताच्या छडीने माझी पाठ फोडली. "निघ, निघ," म्हणत होता. कोण निघणार? आत मीच होते. चार दिवस मला पालथं झोपावं लागलं.

झडतीनंतर मी खोक्यांमागूनसुद्धा बाहेर येईना. मशीनचा पट्टा दिसला की वाटायचं, हात घालावा त्यात, संपू दे कापणं. हे मी मंदाला बोलले. मंदा साताऱ्याकडची, तुर्भ्याला राहायची, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. नवरा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचा. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "येडी का खुळी तू? माझ्या भावाचं बी असंच झालं हुतं. सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसतो मंगळवारी. चल. न्हाई आलीस तर वढत नीन."

ओढतच नेलं तिने. डॉक्टर वयस्कर, चष्मा नाकावर. "काय होतं?" मला घाम. हनुवटी उडायला लागली. त्याने दोन मिनिटं वाट बघितली. मग खुर्ची फिरवली आणि खिडकीकडं तोंड करून बसला. "मी तिकडं बघतो. तुम्ही बोला."

त्या पाठीशी मी बोलले. बाक, ट्रे, भगत, झडती, मशीनचा पट्टा. सगळं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलले. त्याने मान न वळवता विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, सतरा. तो म्हणाला, "बाधा नाही, भित्रेपणा नाही. हा आजार आहे. याला औषध आहे. महिनाभर नेटानं घ्या, मधेच सोडू नका. आणि मशीनपासून हात लांब."

दवाखान्यात ती गोळी संपलेली होती. समोरच्या केमिस्टकडं गेलो. त्याने स्ट्रिप काउंटरवर टाकली आणि मी ती ओळखली.

विटकरी रंगाची, लहान, दहाची स्ट्रिप. आमचीच. मी रोज तिच्यासमोर बसायचे. स्ट्रिपच्या मागं बॅच नंबर नीट उठलाय की नाही ते बघायचं, हेच माझं काम. तीन वर्षं. लाईनवर आम्ही तिला येडगोळी म्हणायचो. तिच्या धुळीने डोकं फिरतं असं कुणीतरी पिकवलं होतं, म्हणून ती चालू असली की बाया नाकाला दोन-दोन रुमाल बांधायच्या. मीसुद्धा बांधायचे. ही गोळी कशासाठी असते ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगतील कशाला? आम्ही हात होतो नुसते. माझं औषध तीन वर्षं माझ्या बोटांखालून जात होतं आणि मी नाक बांधून बसले होते. केमिस्टच्या दुकानातच तळपायाची आग मस्तकाला गेली.

पहिले पंधरा दिवस काही झालं नाही. तोंड कोरडं, झोप, पोट जड. आई म्हणाली, "नको खाव, डोक्याला लागल." मी खात राहिले. मग एक दिवस बसमध्ये चढले, 'एक तुर्भे' म्हटलं, तिकीट घेतलं, बसले. दोन स्टॉप गेल्यावर माझ्या लक्षात आलं, अरे, मी बोलले. पुढच्या आठवड्यात थप्पीमागून उठले आणि मंदाच्या समोर बसून डबा खाल्ला. भाकरीचा घास तोंडाजवळ नेला तेव्हा हात जागेवर होता. मंदाने लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

लोकांना वाटतं अशा गोळीने माणूस थंड होतो. माझं उलटं झालं. भीती ओसरली आणि तिच्याखाली सतरा वर्षं दबलेला राग वर आला. बाकावर चढवणारी बाई आठवायची आणि दात आवळले जायचे. भगत रस्त्यात दिसला तर मी त्याच्याकडं रोखून बघितलं. त्याने रस्ता बदलला.

पावसाळा संपता संपता परत गेटवर झडती लागली. कुठलं तरी खोकं कमी. दुपारची गोळी मला कंपनीत घ्यावी लागायची, म्हणून डब्याच्या पिशवीत स्ट्रिप होती. सहा गोळ्या शिल्लक. सरूबाईच्या हाताला लागली. तिने ती परत आत सारली, पण साहेब मागंच उभा होता.

"सापडली शेवटी," तो म्हणाला. स्ट्रिप वर धरून सगळ्यांना दाखवली. "येडगोळी. चोर ती चोर, वर वेडी." दोन-तीन जणी हसल्या. मग त्याने फाईलमधून जुना कागद काढला, माझ्या अंगठ्याचा. या वेळी मराठीत सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी कंपनीचा माल चोरला आहे. पुन्हा चोरल्यास कंपनीने मला काढावे व पोलिसात द्यावे. हिने कबूल केलेलं आहे."

म्हणजे हे लिहिलं होतं त्यात. नागडं करून, काही न सापडता, चोर म्हणून माझा अंगठा घेतला होता. नोकरी तर गेली असतीच, वर चोर म्हणून गेली असती. आईला गावात तोंड दाखवता आलं नसतं.

"लाव अंगठा. राजीनामा." त्याने परत मनगट धरलं, परत पॅडवर दाबलं. मी हात हिसकला. सुटला. अंगठा जांभळा, पण हात जागेवर. मीच बघत राहिले त्या हाताकडं.

मी म्हटलं, "साहेब, स्ट्रिपच्या मागं बॅच नंबर आहे. मोठ्यानं वाचा."

तो वाचेना. मी त्याच्या हातातून स्ट्रिप काढून घेतली आणि वाचला. "तीनशे सतरा. हा माल पावसाळ्याआधी गेला. आज लाईनवर कुठला चालू आहे?"

 मग मंदा बोलली, "तीनशे चोपन्न." तिच्या पाठोपाठ दुसरी, "चोपन्न." मग सरूबाईसुद्धा.

"तेव्हाच चोरली असशील," साहेब म्हणाला.

मी पिशवीतून केमिस्टचं बिल काढलं. बिलावर बॅच नंबर लिहितात. माझं कामच नंबर बघायचं, म्हणून बिल घेतानाही मी आधी नंबर बघितला होता. "तीनशे सतरा. तारीख बघा. दुकानाचा शिक्का बघा. माझं औषध आहे. मला आजार आहे आणि हे मी विकत घेतलंय."

त्याने बिल घेतलं आणि फाडलं. चार तुकडे केले.

"फाडा," मी म्हटलं. "केमिस्टच्या पुस्तकात कार्बन आहे."

तेव्हा त्याने मला मारलं. उलट्या हाताने, तोंडावर. ओठ फुटला. रक्ताची चव आली. मी खाली बघितलं नाही. मी त्याच्या कानाखाली आवाज काढला. उजव्या हाताने, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. त्याचा चष्मा टेबलाखाली गेला. गालावर माझा जांभळा अंगठा उठला, पूर्ण, रेषांसकट. तो रुमालाने घासत होता. ती शाई तशी निघत नाही.

चौकशी लागली. कंपनीचा वकील म्हणाला, "तुम्ही वेड्यांच्या गोळ्या घेता, खरं का?" मी म्हटलं, "घेते. तुमचीच कंपनी बनवते. वेड्यांच्या असतील तर पाकिटावर तसं छापा. आणि मी घेते म्हणून लिहून घ्या, पुसट नको." चोरीचा आळ टिकला नाही. पहिला कागदसुद्धा रद्द करावा लागला, सरूबाईने साक्ष दिली म्हणून. पण साहेबावर हात उचलला म्हणून मला काढलं. साहेबाला काही झालं नाही. गाल धुऊन तो परत एसीत बसला.

काढल्याचं पत्र दिलं तेव्हा म्हणाले, मिळाल्याची सही करा. मी म्हटलं, "आधी वाचा. मराठीत. शेवटपर्यंत." क्लार्क वैतागला, पण वाचलं त्याने. मी तीन ठिकाणी थांबवलं, परत वाचायला लावलं. मग सही केली. हात थोडा कापला. कापू दे म्हटलं. अर्धवट सोडली नाही, आडनावापर्यंत केली.

त्या मारल्याचा मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो केसांना शाई पुसल्याचा, आणि तो मी जाऊ देणार नाही. गोळी अजून चालू आहे. डॉक्टर बदलले, दोनदा गोळीही बदलली. गावात सगळ्यांना ठाऊक आहे की मी मनाच्या डॉक्टरकडं जाते. मीच सांगते. मागून बाया येडी म्हणतात, मला ऐकू येतं.

पण आमच्या गावात कुणाच्या दारात कागद घेऊन माणूस आला, बिल्डरचा असो, कंपनीचा असो, ऑफिसातला असो, की त्याच बाया मला हाक मारतात. मी सकाळची गोळी घेते, पदर खोचते आणि जाते. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा पॅडवर टेकायच्या आत मी ते मनगट धरते. आणि कागदवाल्याला सांगते, कितीही मोठा असो, "आधी मोठ्यानं वाच."