गोऱ्या बायकांची बाटली

तुम्हाला म्हणून सांगते, आणि हसणार नसाल तरच सांगते. नाही, हसणारच आहात. माझी रूममेट रुख्साना तर अजून हसतेय!

माझा स्वभाव आधी सांगून टाकते. लिफ्टमध्ये मागे कोणी शिंकलं तरी मी दचकते. दुकानदाराने हसून ‘वेलकम मॅडम’ म्हटलं की मला वाटतं, याने नक्की भाव वाढवलाय. आणि दुबईत सगळेच हसून बोलतात हो! माझ्या जिवाचं काय होत असेल, विचार करा.

तर इथून दीड तासावरच्या अल ऐनचं एक स्थळ आलं. अनिकेत. फोनवर बऱ्याचदा बोललो आणि मुलगा मला चक्क आवडला. त्याच्यात काही खोट सापडेना, याचीच जरा शंका यायला लागली होती. पण खरी परीक्षा त्याच्या मावशीची. तो तिच्याकडेच राहतो, आणि सांगलीहून त्याच्या आईवडिलांनी सांगून ठेवलं होतं, मावशीला पसंत तर आम्हाला पसंत. मावशीकडे जेवायला जायचा शनिवार ठरला.

आणि माझ्या गालांवर मुरमांचे डाग! कोणालाही न सांगता मी ऑफिसजवळच्या एका क्लिनिकमध्ये केमिकल पील करून घेतलं, म्हणजे सौम्य ॲसिड लावून चेहऱ्याची वरची कातडी काढतात ते. डॉक्टरबाई मल्याळी, बोलायला एकदम गोड. (गोड! तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.) त्या म्हणाल्या, “तीन-चार दिवस त्वचा काळपट दिसेल, मग आपोआप सुटेल. ओढायची नाही. आणि सनस्क्रीन रोज लावायचं. हे आमच्याकडचं घेऊन जा.”

आमच्याकडचं? पकडलं! इथेच कमिशन आहे! “माझ्याकडे आहे,” असं ठणकावून मी बाहेर पडले.

नव्हतंच. म्हणून शेजारच्या दुकानात शिरले. कपाटात एक बाटली, तिच्यावर भलामोठा पिवळा सूर्य, आणि बाकी सगळं रशियन. मी उलटसुलट करून बघत होते, तेवढ्यात एक उंच, सोनेरी केसांची, दुधासारखी गोरी बाई आली आणि तीच बाटली तिने उचलली. एक नाही, दोन!

मी विचारलं, “गुड?”

“व्हेरी गुड! आय यूज एव्हरी डे.”

आता तुम्हीच सांगा, इतकी गोरी बाई रोज लावते म्हटल्यावर आणखी कसला पुरावा हवा? घेतली. आणि लावायला सुरुवात केली. चेहऱ्याला, मानेला, हातांना. कंजुषी नाही.

दोन दिवसांत रंग काळवंडला. म्हटलं, डॉक्टर म्हणाल्याच होत्या. आणखी लावलं. आणखी काळवंडला! गालाची सालं निघून गेली, तरी खालचा रंग हटेना. मग मी सकाळ, दुपार, संध्याकाळ, मधल्या वेळी आणि शंका आली की लगेच, असं लावायला लागले.

रुख्साना रत्नागिरीची. इंटरनॅशनल सिटीत आम्ही दोघी एक फ्लॅट शेअर करतो. ती एकदा चहा गाळता गाळता थांबलीच.

“अगो मधुरा, तोंडाला काय झालं तुझ्या? कढईतून काढल्यासारखी दिसतेस!”

“काही नाही. ऊन.”

“कसलं ऊन? तू तर पार्किंगपर्यंत छत्री घेऊन जातेस! आणि ही बाटली कसली? मला पण दे की जरा.”

मला पण दे? का? मी बाटली पाठीमागे लपवली. हिने आत काही मिसळलं तर नसेल? मी पेनाने बाटलीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी बघते, तर पातळी खूण सोडून खाली! चोर सापडला! दिवसभर मीच ती थापतेय, हे माझ्या एम.कॉम. डोक्यात आलं नाही. बाटली बॅगेत गेली, बॅगेला कुलूप लागलं.

आईचा व्हिडिओ कॉल आला. “अगं, अंधारात काय बसलीस? दिवा लाव की!”

“लावलाय, आई.”

आईने चष्मा काढून पुसला आणि परत स्क्रीनला नाक लावलं.

आणि मग माझी नजर हातांवर गेली. हातही काळे! हातांना तर पील केलंच नव्हतं! म्हणजे ॲसिड रक्तात भिनलं होतं. मी किंचाळले. रुख्सानाच्या हातातला कप पडला. मग तिला सगळं सांगावंच लागलं.

“यल्ला, ऊठ!” म्हणून तिने मला सरळ क्लिनिकमध्ये नेलं. शुक्रवार होता तो. दुसऱ्या दिवशी मावशी!

डॉक्टरबाईंनी भिंग लावून बघितलं. “पील तर छान झालंय. पण तुमचे हात असे का?”

“तेच तर! ॲसिड रक्तात भिनलंय!”

डॉक्टरांनी रुख्सानाकडे बघितलं. रुख्सानाने छताकडे.

“सनस्क्रीन कोणतं लावता?”

मी पर्समधून बाटली काढली. डॉक्टरांना रशियन येईना. त्यांनी रिसेप्शनवरच्या रशियन मुलीला बोलावलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं.

“हे सनस्क्रीन नाही. हे रंग सावळा करायचं लोशन आहे. समुद्रावर सुट्टी घालवून आल्यासारखं दिसायला.”

“सावळा करायचं? मुद्दाम? पैसे देऊन?”

अहो, आमच्या घरी साय झाली, बेसन झालं, मसुराची डाळ झाली, संत्र्याची सालं झाली! काळं होण्यासाठी जगात कोणी काही लावत असेल, हे माझ्या डोक्यात येणार तरी कुठून?

त्या मुलीने आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. “किती एकसारखा बसलाय तुला! मला नेहमी पट्टे येतात.”

रुख्साना ओढणी तोंडात कोंबून हसत होती. “आणि कुलूप माझ्यासाठी लावलंस, मेले!”

आठवड्याभरात उतरेल, घासायचं नाही, डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्याकडचं सनस्क्रीन मी गुपचूप घेतलं.

शनिवारी मी जाणारच नव्हते. रुख्सानाने ढकलून गाडीत बसवलं. अनिकेत दारातच हसला. का हसला? मावशींनी मात्र मला थेट स्वयंपाकघरात नेलं, खिडकीशी उभं केलं, आणि ओला अंगठा माझ्या गालावर खसकन फिरवला! मी ओट्यावर आदळायची बाकी होते.

मावशींनी अंगठा उजेडात धरला. स्वच्छ.

“राग मानू नकोस हो. मला हल्लीच्या मुलींची फार शंका येते. काय काय फासून येतात! मागे एक आली होती, तिला घाम पुसायला टिश्यू दिला, तर अर्धी मुलगी टिश्यूवर! तू जशी आहेस तशी आलीस. हाच रंग, हाच चेहरा. मला फसवाफसवी खपत नाही.” आणि बाहेर हाक मारली, “अनिकेत, मला पसंत आहे रे!”

मी म्हटलं, “थँक यू, मावशी.”

रंग उतरला. स्वच्छ उतरला. आणि पुढच्या आठवड्यात मावशी येतायत, माझ्या ‘मूळच्या रंगाला’ शोभेल अशी साखरपुड्याची साडी घ्यायला.

म्हणून सध्या आमच्याकडे रोज सकाळी दार लावून कार्यक्रम चालतो. मी स्टुलावर, रुख्साना मागे, हातात त्याच पिवळ्या सूर्याची नवी बाटली. “हलू नको गो! कानामागे राहिलं. तुझी मावशी पहिलं तिथेच बघेल!”

मी कान दुमडून धरते. फक्त एकच शंका मनातून जात नाही... ही मुद्दाम जरा जास्त तर लावत नाहीये ना?