शेठजींनी पुरा पाहिलेला सामना

आमच्या कॉलेजात फुटबॉलचा सामना कधी संपला असं मानायचं हे सूर्य ठरवत असे, आणि सूर्याच्या वतीने संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे शेठजी. जळगावात त्यांचा कापसाचा व्यापार होता. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कापसात गेल्यामुळे शेठजी बोलत मात्र पेढीवर येणाऱ्या शेतकऱ्यांसारखे, थेट अहिराणीत. सूर्य मावळल्यावर ते अन्नाचा कण घेत नसत आणि पाण्याचा थेंबही. मावळायच्या आत जेवायचं तेही घरी जाऊन, हातपाय धुऊन, शांतपणे. त्यामुळे मध्यंतराची शिट्टी झाली की ते उठत, हात जोडत आणि टांग्यात बसत. अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता आणि एकाचाही शेवट पाहिला नव्हता.

यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण आमच्या प्राचार्यांना स्टेडियम बांधायचं होतं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी अर्थशास्त्र शिकवत असे. लग्न झालेलं नव्हतं आणि लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं होतं, या दोन कारणांसाठी खेळ माझ्या गळ्यात पडले. पैकी पहिलं कारण प्राचार्यांना जास्त महत्त्वाचं वाटत होतं. मला दुसरं. रेल्वे कॉलनीत आम्ही पोरं शाळेत उशिरा जायचो ती चेंडूपायीच, आणि मार खायचो तोही चेंडूपायीच. फुटबॉलवर माझं प्रेम होतं. हे मी स्टाफरूममध्ये कधी बोललो नाही, कारण तिथे प्रेम फक्त वेतनश्रेणीवर करायची पद्धत होती.

प्राचार्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. पण मुंबईला एका परिषदेला गेले असताना त्यांनी बसमधून एक स्टेडियम पाहिलं आणि परत आले ते नकाशा घेऊनच. तो निळा नकाशा त्यांच्या खोलीत भिंतीवर लागला. त्यात अख्खं जळगाव बसून वर एरंडोल मावलं असतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी पुढे आमची मीटिंग भरली: मान्यवरांचा दरवाजा पूर्वेला असावा की उत्तरेला, यावर दोन वरिष्ठ प्राध्यापकांचं बोलणं बंद झालं. त्यातच कोणी तरी सांगितलं की धुळ्याच्या कॉलेजनं स्टेडियम बांधायला घेतलंय. प्राचार्यांनी मला धुळ्याला पिटाळलं. मी जाऊन पाहिलं. मैदानाच्या एका कडेला तीन पायऱ्या होत्या आणि त्यावर होस्टेलच्या मुलांचे कपडे वाळत होते. तसं मी सांगितलं, तर प्राचार्य म्हणाले, "म्हणजे सुरुवात झाली!"

एवढ्यावर मी हसून मोकळा झालो असतो. पण रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी त्याच मैदानावर प्रयोगशाळेची इमारत मागितली होती. मुलं व्हरांड्यात उभी राहून प्रयोग करतात, हे त्यांचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे मला ते गृहस्थ अजिबात आवडत नसत. शेठजींनी स्टेडियम दिलं तर मैदान राहणार होतं. नाही दिलं तर गोलपोस्ट उखडून तिथे पाया खणणार होते, आणि कॉलेजातला फुटबॉल संपला असता. स्टेडियम होवो न होवो, मला मैदान हवं होतं.

प्राचार्यांना घेऊन मी पेढीवर गेलो. शेठजी गादीवर बसून कापसाचा पुंजका बोटांत ओढून पाहत होते. प्राचार्यांनी नकाशा पसरला आणि खेळाचं राष्ट्रीय महत्त्व सांगितलं. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं.

"अर्धा माल देखीसन सौदा करू का?" ते म्हणाले. "आधी पुरा खेय देखसू. यंदा धुयावाला येतीन तव्हय. हाऊ मना शब्द शे."

धुळ्याच्या सामन्याला शेवटपर्यंत बसायचा शब्द मिळाला, आता वेळ साधायची होती. सामने नेहमी चारला सुरू होत, कारण अर्धा संघ सायन्सचा आणि त्यांची प्रॅक्टिकलं साडेतीनला सुटत. दोनला सुरू केला तर शेठजी शेवट पाहून वेळेवर ताटावर बसले असते. मी रसायनवाल्यांकडे जाऊन एक दिवस प्रॅक्टिकल रद्द करायची विनंती केली. ते म्हणाले, "एकदाच. सोक्षमोक्ष लागू द्या." माणूस सभ्य होता. त्याचा मला आणखीच त्रास झाला.

पुण्याहून विद्यापीठाचं वेळापत्रक आलं, धुळ्याची तारीख डिसेंबरात पडली. त्या दिवशी दीड वाजल्यापासून प्राचार्यांच्या खोलीतला सोफा मैदानावर होता. शेठजी येऊन त्यावर बसले. गाव लोटलं होतं, कारण स्टेडियमची बातमी फुटली होती. फक्त धुळ्याचा संघ नव्हता. त्यांची एस.टी. पारोळ्याजवळ पंक्चर होऊन पडली होती आणि जादा चाकही पंक्चर होतं. संघ पोहोचला तेव्हा चार वाजायला आले होते. मुलं जेवलेलीही नव्हती. तरी घोड्यानं पेंड खाल्लीच, कारण प्राचार्यांनी स्वागताचं भाषण केलं.

मध्यंतराची शिट्टी झाली. शेठजी सवयीने उठले, हात जोडले, टांग्यावाल्याने लगाम उचलला. मग त्यांना शब्द आठवला असावा. त्यांनी एकदा सूर्याकडे पाहिलं आणि ते परत बसले.

त्यानंतर मैदानात काय झालं हे कोणालाही विचारू नका. सगळ्या गावाचं लक्ष आधी सूर्यावर आणि मग शेठजींवर. सूर्य बाभळींपर्यंत उतरला. लोक एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवत होते. पोरं बिचारी इकडून तिकडे पळत होती, आमच्या गोलकीपरने एक सुरेख चेंडू अडवला, पण टाळी पडली नाही, कारण त्याच क्षणी सूर्य गेला होता. शेठजींनी धोतराचा सोगा सारखा केला आणि ते मैदानाकडे पाहत राहिले. म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्या क्षणी मला स्टेडियम नको होतं, मैदानही नको होतं. त्या म्हाताऱ्या माणसाला कोणी तरी वेळेत घरी जेवायला सोडायला हवं होतं असं वाटत होतं.

चेंडू दिसेनासा झाल्यावर पंचांनी शेवटची शिट्टी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मंग जिकनं कोन?" शेठजींनी मला विचारलं.

"कोणीच नाही, शेठजी. बरोबरी झाली. शून्य-शून्य."

"कोनीच नही?"

प्राचार्य पुढे झाले आणि खेळात हार-जीत महत्त्वाची नसते असं काही तरी सांगू लागले. शेठजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी उपाशी बठनू, आन निकालच नही? सौदा व्हयना नही, मंग टाया कशाले?" मग दोन्ही संघांकडे वळून म्हणाले, "सकायमा पुन्हा खेया. निकाल लागू द्या, मंग मी जेवसू."

धुळ्याचा कप्तान दांडगा पोरगा होता. तो म्हणाला, "खेयसूत, शेठजी. पन आमनं जेवनानं काय?" शेठजींच्या घरी त्या वेळी चूल पेटणार नव्हती. मीच त्या पोरांना माझ्या खानावळीत नेलं. शेवभाजीचं पातेलं संपलं, मग नुसता रस्सा संपला, आणि खानावळवाले आबा पुढे आठवडाभर मला तोंड टाकून बोलत होते.

सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. मैदानावर दोन संघ, पंच, मी आणि शेठजी. गावातलं कुत्रंही फिरकलं नव्हतं. काल जे पाहायचं ते गावानं पाहून घेतलं होतं. सोफा आत गेला होता, खोलीला कुलूप होतं. शेठजी मफलर गुंडाळून मैदानाच्या कडेच्या दगडी रोलरवर बसले. काल दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. पण खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात ते उठून उभे राहिले. आमचा डावा बाजूवाला घसरला तेव्हा त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात मारला. उत्तरार्धात तर ते रेषेच्या बाजूने चालू लागले.

शेवटी धुळ्याच्या कप्तानानं गोल केला. आम्ही हरलो. मला रडू आलं, आणि थंडीचं निमित्त करून मी नाक पुसलं. मैदान गेलं असंच मी धरून चाललो होतो.

"हां, आते कसं!" शेठजी म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. त्यांनी धुळ्याच्या पोराला जवळ बोलावून त्याच्या पाठीवर हात फिरवला, सूर्य किती वर आलाय ते पाहिलं आणि घरून आलेल्या तांब्यातलं पाणी प्यायले.

तोवर प्राचार्य नकाशा काखेत मारून धावत आले.

"काल बठ्ठं गाव उनं व्हतं," शेठजी कालच्या गर्दीबद्दल त्यांना म्हणाले. "पन लोक माले देखत व्हतात. खेय देखनारा मी एकलाच. एकलाले कितली जागा लागस?"

महिनाभरात मैदानाच्या कडेला एक दगडी बाक आला. एकच. शेठजींनी तो पश्चिमेला तोंड करून बसवून घेतला, म्हणजे बसल्या जागी सूर्य दिसेल. त्यांनी सांगितलं की बाक आहे तोवर मैदान हलवायचं नाही. प्रयोगशाळा मागच्या बाजूला, विहिरीपलीकडे झाली, आणि चांगली झाली. शेठजी पुन्हा मध्यंतराला उठू लागले, पण आता दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवरून माणूस यायचा, निकाल विचारायला. निळा नकाशा भिंतीवर पिवळा पडला.

काही वर्षांनी शेठजी गेले. त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला, आणि पहिल्याच मीटिंगला मैदानावर होस्टेल बांधायचा विषय आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, वडिलांसारखंच. मग विचारलं, "बापूंच्या बाकावर हल्ली कोण बसतं?"

"मी बसतो," मी म्हणालो. तोपर्यंत मी त्या बाकाला कधी टेकलोही नव्हतो. ती शेठजींची जागा होती.

"मग राहू द्या मैदान," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी बसतोय. लग्न झालं, निवृत्त झालो, गुडघे गेले, तरी बसतो. उत्तरार्धात ऊन थेट डोळ्यांत येतं आणि धड काही दिसत नाही. तेव्हा फार उठावंसं वाटतं. परवा धुळ्याशी सामना आहे, चारला. घरी सांगून ठेवलंय, मी जेवूनच जाणार, मध्येच उठायला निमित्त नको.