तनुजा ओव्हाळ चार सेकंद थांबली

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तनुजा ओव्हाळला एका ईमेलचं उत्तर द्यायचं होतं. हो किंवा नाही, एवढंच. एका प्रादेशिक विमान कंपनीने तिला सहवैमानिकाची जागा देऊ केली होती. सत्तर आसनांची, पंख्यांची विमानं, मुक्काम हैदराबादला.

तनुजा छत्तीस वर्षांची. गेली नऊ वर्षं ती कासारवाडीच्या घरापासून अडीच तासांवर, सोलापूर रस्त्याकडच्या एका छोट्या धावपट्टीवर मुलांना विमान चालवायला शिकवत होती. तिच्या हाताखालून एकेचाळीस जण पहिल्यांदा एकटे उडाले. त्यातले निम्मे आज मोठ्या विमानांवर आहेत, दोघे कॅप्टन झालेत. आई जयमालाबाई हे पाहुण्यांना अभिमानाने सांगायच्या, आणि पाहुणा हमखास विचारायचा, "मग ही का मागं राहिली?"

तनुजाकडे उत्तर तयार असे. सुरुवातीला जागाच नव्हत्या, मग कोरोना आला, आणि जागा निघाल्या तोवर शिकवण्याची गोडी लागली होती.

तिची शिकवण्याची एक रीत होती. विद्यार्थी डावीकडे, ती उजवीकडे. त्याची चूक झाली की ती लगेच बोलत नसे. हात मांडीवर ठेवून गप्प बसे. वेग घसरतोय, नाक वर जातंय हे तिला आधी दिसायचं, पण त्याचं त्याला दिसेपर्यंत ती थांबायची. दुसऱ्याने दाखवलेली चूक माणूस विसरतो, स्वतः पकडलेली विसरत नाही, असं तिचं म्हणणं. किती थांबायचं आणि कुठल्या क्षणी विमान हातात घ्यायचं, हा अंदाज तिचा कधी चुकला नव्हता. बाकीचे शिक्षक तिला 'मौनीबाई' म्हणत.

हैदराबादला निवडीच्या वेळी नेमकं तेच आडवं आलं. चाचणी सिम्युलेटरमध्ये होती, म्हणजे जमिनीवरच उभ्या केलेल्या नकली कॉकपिटमध्ये. कॅप्टनच्या जागेवर कंपनीचा माणूस विमान उतरवत होता आणि उजवीकडे बसून आकड्यांवर नजर ठेवायचं काम तनुजाचं होतं. धावपट्टी समोर असताना वेग घसरू लागला. तिने पाहिलं. ती बोलली, पण चार सेकंदांनी.

परीक्षकाने यंत्र थांबवलं.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"त्यांच्या लक्षात येतंय का, ते बघत होते."

परीक्षक वयस्क होता. आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, तो तुमचा विद्यार्थी नाही. मागे सत्तर माणसं बसलेली असतात. इथे कुणाच्या लक्षात येण्याची वाट बघायची नसते."

तरीही निवड झाली. पत्रात एक ओळ जास्तीची होती: त्रुटी वेळेवर बोलून दाखवण्याचं विशेष प्रशिक्षण घ्यावं लागेल.

ती परत आली आणि बुधवारी कुलदीप येळवंडेला घेऊन उडाली. कुलदीप निघोज्याचा, बावीस वर्षांचा. घराण्याची शेती कारखान्यांच्या शेडखाली गेलेली. घरात विमानात पाय ठेवणारा हाच पहिला. एकट्याने उडण्याच्या अगदी तोंडावर आला होता. पुढच्या आठवड्यात त्याला सोडायचं, असं तनुजाने मनाशी धरलं होतं. कंपनीला होकार दिला तर लगेच राजीनामा द्यावा लागणार, आणि मग ते तिच्या हातून होणार नव्हतं. संस्थेचा नियम होता: राजीनामा दिलेल्या शिक्षकाने कुणाला एकटं सोडायचं नाही. सोडणाऱ्याने नंतरही जबाबदारीला उभं राहायला हवं, म्हणून तो नियम करायला तीन वर्षांपूर्वी तनुजानेच लावलं होतं.

त्या दिवशी तिचं तोंड थांबेना. "वेग बघ. नाक खाली. उजवा पाय. वेग, कुलदीप, वेग!" तिसऱ्या फेरीला विमान धावपट्टीवर आपटलं, उसळलं, आणि तिने ते हातात घेऊन उतरवलं.

खाली आल्यावर कुलदीप बराच वेळ हेडफोनची वायर गुंडाळत राहिला.

"मॅडम, एक बोलू? राग न्हाई ना?"

"बोल."

"एवढी पराणी टोचली ना, तर आमच्या आज्याचा बैल जागीच बसायचा."

तिला हसू आलं नाही. "चुकत होतास म्हणून बोलले."

"चुकतो तर मी रोजच की. रोज कुठं बोलता? आज मला वाटलं, लईच कायतरी बिघडलंय."

संध्याकाळी धावपट्टीजवळच्या आपल्या खोलीवर तिने नकाराचं उत्तर लिहून ठेवलं. 'विद्यार्थ्यांची जबाबदारी असल्याने' अशी सुरुवात केली. पाठवलं मात्र नाही. रजा टाकून गुरुवारी ती कासारवाडीला आली.

तिचे वडील धम्मरत्न ओव्हाळ पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. आयटीआय करून आलेल्या अप्रेंटिस पोरांना ते मशीनवर शिकवायचे. मग 'साहेबांनी वर घेतलं' आणि तपासणी विभागात गेले, असं घरात सांगितलं जाई. दुपारी जेवणं झाल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं. परीक्षक, चार सेकंद, कुलदीपची फेरी.

"पप्पा, तुम्ही काय केलं असतं?"

"मला नको विचारू. मी शिकवणं सोडलेला माणूस आहे."

"तुम्हाला बढती मिळाली होती."

"मागून घेतली होती." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. जयमालाबाई भांडी लावत होत्या. "तुझ्या आईला माहीत आहे. तू तेव्हा दुसरीत होतीस. चिमाजी म्हणून एक पोरगा होता, जुन्नरकडचा. सकाळीच शिकवलं होतं, फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. दुपारी हा ड्रिलवर मोजे घालून उभा. मी दहा पावलांवर होतो. म्हटलं, बघू, त्याचं त्याला आठवतंय का."

"मग?" तनुजाने विचारलं.

"दोन बोटं गेली. उजव्या हाताची. मला कुणी काही म्हटलं नाही. चौकशीत त्याचीच चूक निघाली, त्याला सांगितलं होतं ना! पण मी बघत होतो, हे कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही."

"म्हणून शिकवणं सोडलंत?"

"भ्यायलो म्हणून सोडलं. आणि नाव दिलं बढतीचं. तू जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तू राहिलीस तर कशासाठी, एवढं स्वतःशी खोटं बोलू नको."

आतून जयमालाबाई म्हणाल्या, "आणि त्या चिमाजीला चार दिवाळ्या फराळ पोचवला, तो मी. हे जायचे नाहीत."

"नाही गेलो," धम्मरत्न म्हणाले.

तनुजाने फोनमधलं नकाराचं उत्तर काढून पुन्हा वाचलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. कुलदीप होता, त्याच्या मागचे सहा जण होते. पण ते हैदराबादला जाण्याआधीही होते, आणि तेव्हा ती चाचणीला गेली होती. मधल्या दिवसांत नवीन एकच गोष्ट घडली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शेजारून तिला तिची चूक सांगितली होती. आपली चूक समोर बघणं तिने एकेचाळीस जणांना सोसायला लावलं, ते तिला दोन दिवससुद्धा सोसवलं नव्हतं. कुलदीपवर तिने ते उतरवलं, आणि मग त्याच्याच नावामागे लपून नकार लिहिला.

तिने मजकूर पुसला आणि होकार कळवला. शुक्रवारचे पाच वाजायला अजून एक अख्खा दिवस शिल्लक होता. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त रुजू व्हायची तारीख विचारली.

शुक्रवारी सकाळी मुख्य प्रशिक्षकाकडे राजीनामा देऊन ती हँगरमध्ये आली. कुलदीप विमानाच्या पंखाखाली उभा राहून इंधन तपासत होता. तिने आडवळण न घेता सांगितलं.

"मंग माझं?"

"दुसरे सर बघतील. ते आधी तुला पारखतील. तीन आठवडे जातील, कदाचित जास्त."

"आन् तुमी असता तर?"

"पुढच्या आठवड्यात सोडलं असतं."

"म्हंजे तुमच्यामुळं लांबलं."

"हो."

मॅडम काहीतरी समजुतीचं बोलतील म्हणून तो थांबला. मग त्याने इंधनाची नळी झटकली, झाकण लावलं, हात पुसले. "बरं," तो म्हणाला, आणि तिच्या मागोमाग निघाला.

कार्यालयात येऊन तिने त्याचं प्रगतिपत्रक काढलं. बुधवारच्या उड्डाणासमोर शेरा लिहायचा राहिला होता. नवा शिक्षक सगळ्यात आधी तोच वाचणार. तिने लिहिलं: 'तिसऱ्या फेरीतील खराब लँडिंग शिक्षिकेच्या अनावश्यक सूचनांमुळे. विद्यार्थ्याचा दोष धरू नये.'

कुलदीपने खांद्यावरून वाकून वाचलं. "असं लिहित्यात व्हय?"

"नाही लिहीत," तनुजा म्हणाली, आणि खाली सही केली.