आधी फडकं, मग चहा

शकूमावशी कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी बसायच्या नाहीत. पिशवीतून ओलं पांढरं फडकं काढून खिडकीच्या चौकटीवरून फिरवायच्या, काळं झालेलं फडकं घरधन्याच्या नाकासमोर धरायच्या, आणि मगच चहा. निम्मी वस्ती त्यांना चहाला बोलवायला घाबरायची.

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची हयात गेली होती. त्यांचं घर आमच्या मागे, उसाचं रान ओलांडलं की. आमचं मात्र बारामती-इंदापूर रस्त्यालाच लागून. माझे सासरे तात्या पाहुण्याला पाण्याआधी सांगायचे, "रोड-टच हाय आपलं घर!" मावशी म्हणायच्या, "ट्रकवाल्यांना बरं पडतं, तात्या. धूर घरात सोडायला वाट वाकडी करावी लागत न्हाय."

माझा पहिला मुलगा आठव्या महिन्यातच जन्मला. तीन आठवडे काचेच्या पेटीत होता. त्याला हात लावायचीही मला भीती वाटायची. दुसऱ्यांदा दिवस गेले आणि ऐन सहाव्या महिन्यात कारखान्याचा हंगाम सुरू झाला. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आमच्या दारात. इंजिनं चालू, गाणी चालू. डॉक्टर म्हणाले, लवकर बाळंत होण्याची कारणं पुष्कळ असतात, रस्त्याचा धूरही त्यातलं एक असू शकतं. टाळता येईल तेवढा टाळा. माहेरी आई अंथरुणाला खिळलेली. जाणार कुठे?

मावशी दुसऱ्याच दिवशी वळकटी घेऊन हजर. "आजपासनं तू माज्या घरात, मी तुज्या खोलीत."

"आन् शकूबाई, तुमाला धूर लागत न्हाय व्हय?" तात्यांनी विचारलं.

"मला आता कुठं बाळंत व्हायचंय?"

तात्या लाजून गोठ्याकडे निघून गेले.

हंगामभर मावशी आमच्या रस्त्याकडच्या खोलीत राहिल्या. रोज दुपारी डबा घेऊन माझ्याकडे यायच्या आणि स्वतःच्याच घराची खिडकी फडक्याने तपासून मला मार्क द्यायच्या. मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडायचे. मुलगी झाली ती नऊ महिने पुरे भरून, आणि अख्खा दवाखाना डोक्यावर घेत. मावशी एवढंच म्हणाल्या, "धूर न्हवता म्हनून झालं का आसंच व्हनार व्हतं, देवाला ठावं. आपन जागा तेवढी बदलली."

मी खोलीत परतले तेव्हा पलंगाखाली खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. मला रडू आवरेना.

मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या घराची किल्ली त्यांच्या बाहेरगावी राहणाऱ्या मुलाने आमच्याकडे ठेवली आहे. गेल्या महिन्यात धाकट्या जावेला दिवस गेल्याचं कळलं, तशी तात्यांनी मावशींच्या मुलाला फोन केला आणि किल्ली घेऊन निघाले. आम्ही दोघी मागून पोहोचलो, तर ते खिडकीशी ओलं फडकं घेऊन उभे. ते आमच्या नाकासमोर धरून म्हणाले, "बगा नीट. चहा मागनं."