शोभीनं फोनले कुलूप लावलं

“कोण बोलून राहिला बे तू?”

सकाळचे सव्वाअकरा झाले होते. बाहेर बाकावर सात-आठ पेशंट बसलेले. फोनच्या स्क्रीनवर शोभाचं नाव आणि कानात पुरुषाचा आवाज. मी म्हणालो, “तुम्हाला कोण पाहिजे?”

“मी इचारलं, तू कोण? माह्या बहिणीच्या फोनात तुहा नंबर काहून हाय?”

मी फोन कापला. लगेच पुन्हा वाजला. मी उचलला नाही. एकूण चार वेळा वाजला आणि मग बंद झाला.

मी अमरावतीत एका सरकारी दवाखान्यात काउन्सेलर आहे. एचआयव्हीची टेस्ट करायच्या आधी आणि रिपोर्ट आल्यावर पेशंटशी बोलणं, गोळ्या चालू राहतील हे पाहणं, ही माझी नोकरी. आमच्या लाइनमध्ये पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घोकून घेतात. पेशंटच्या नंबरवरून दुसऱ्याचा आवाज आला तर आपलं नाव, पद, दवाखाना, काही म्हणजे काही सांगायचं नाही. फोन ठेवायचा. एकोणीस वर्षं मी हेच केलं आणि त्या दिवशीही तेच केलं. नियमाप्रमाणे वागलो याचं समाधान मला साधारण दहा मिनिटं पुरलं.

शोभा म्हणजे कोण, ते सांगतो. नाव बदललं आहे, गावही नीट सांगत नाही, भातकुलीकडचं एक समजा. वय बत्तीस. नवरा गेला तेव्हा तिची टेस्ट झाली आणि पॉझिटिव्ह आली. सासरच्यांनी परत पाठवलं. भावानं तिला घरात घेतलं. भावाला सांगितलं होतं, नवरा काविळीनं गेला. भाऊ स्वतःची शेती करणारा, सरळ माणूस. सहा वर्षं त्यानं बहिणीला एका शब्दानं दुखवलं नाही, हे शोभाच मला सांगायची.

ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. पोषण आहाराची. दीडेकशे पोरं तिच्या हातचं जेवायची. एचआयव्ही अन्नातून पसरत नाही, हे मी तिला सांगायचो, ती मान हलवायची आणि म्हणायची, “मले ठाऊक हाय सर. गावाले कोण सांगन?” तिला दुसऱ्या कशाची भीती नव्हती. गावाला कळलं तर लोक पोरांच्या पुढची ताटं उचलतील, हीच एक होती.

गोळी रोज एक, ठरलेल्या वेळी. चुकवायची नाही. चुकवली तर विषाणू डोकं वर काढतो आणि बाकीचे आजार दार उघडंच असल्यासारखे आत येतात. शोभानं सहा वर्षांत एकदाही चुकवली नाही. गोळ्या ती घरी ठेवतच नसे. व्हिटॅमिनच्या रिकाम्या डबीत भरून शाळेच्या तांदळाच्या खोलीत, फळीवर मागे. सुट्टीच्या दिवसांपुरत्या मोजून पदराच्या गाठीत घरी. कारण घरात कुठल्याच वस्तूला कुलूप नव्हतं. कपाटाला नाही, पेटीला नाही. सगळं सगळ्यांचं.

फोनही तसाच. नावाला शोभाचा. दिवसभर टीव्हीवर पडलेला. भाची त्यावर अभ्यास करायची, वहिनी व्हिडिओ पाहायची, भाऊ बाजारभाव विचारायला फोन लावायचा. शेजारीण आली तरी “दे वं जरा” म्हणून घेऊन जायची. आपल्याकडे फोन मागितला की द्यायचा असतो. पाणी मागितल्यावर नाही म्हणतो का आपण?

एकदा ती आली ती घाबरलेलीच. मी गोळ्यांच्या तारखेचा मेसेज व्हॉट्सॲपवर टाकायचो. तिनं तिच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टचा फोटो मला पाठवला होता. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती, त्याची तपासणी. तिचा रिपोर्ट उत्तम होता. पण फोटो फोनमध्येच राहिला आणि वहिनीनं पाहिला.

“‘हे कायचं रिपोर्ट व्हय?’ म्हणे. म्या सांगतलं, रक्त कमी हाय म्हून. सर, वहिनी धाव्वी शिकेल हाय. आज नाही तं उद्या वाचन ना थे.”

आता मी हुशारी दाखवली. थोड्याच दिवसांपूर्वी आमचं एक ट्रेनिंग झालं होतं, पेशंटची माहिती फोनमध्ये कशी सांभाळायची यावर. मी वहीत सगळं लिहून आणलं होतं. शोभाला समोर बसवलं. फोटो काढून टाकला. व्हॉट्सॲपला ॲप लॉक लावलं, म्हणजे त्याच्यापुरतं वेगळं कुलूप. मग ॲप पिनिंग शिकवलं. हे सोपं आहे. फोन कुणाला द्यायचा तर त्याला हवं ते उघडून द्यायचं, समजा व्हिडिओ, आणि तेवढंच पिन करायचं. समोरच्याला त्याच्या बाहेर जाता येत नाही. जायला लागला की फोन आकडा मागतो. पाहुण्याला ओसरीवर बसवून मधलं दार लावून घ्यावं, तसं.

माझा नंबर ‘एआरटी सर’ नावानं सेव्ह होता. एआरटी म्हणजे या गोळ्यांचा उपचार. मी म्हणालो, “हे काढ. नुसतं एक अक्षर ठेव.” तिनं ‘स’ ठेवलं.

दहा मिनिटांत ती सगळं शिकली. मला तिनं दोनदा करून दाखवलं. पुढच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा जिल्ह्याचे साहेब म्हणाले, “गुड. याची एक स्लाइड बनवा.” मी बनवली. शीर्षक ठळक अक्षरात दिलं. ती स्लाइड आठवली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. वहिनीनं फोन मागितला. शोभानं व्हिडिओ लावून, पिन करून दिला. अगदी शिकवलं तसं. वहिनीला मधेच माहेरी फोन लावायचा होता. फोन बाहेर जाऊ देईना, आकडा मागू लागला. वहिनीला आधी वाटलं फोन बिघडला. भाचीला दाखवला. भाची म्हणाली, “बिघडला नाही, आत्यानं लॉक लावलं.”

संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन घरांना कळलं, शोभीनं फोनले कुलूप लावलं.

त्या फोनमध्ये आधी सगळं उघडं होतं, तेव्हा कुणी ढुंकून पाहत नव्हतं. एक रिपोर्ट दिसला, तोही रक्त कमी म्हटल्यावर विसरले. कुलूप लागलं आणि सगळ्यांना आत काय आहे ते पाहायचं होतं. बत्तीस वर्षांची विधवा बाई आणि फोनला कुलूप. गावाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

भावानं दुसऱ्या दिवशी फोन मागितला. तिनं फोन उघडून दिला, पण व्हॉट्सॲपचं कुलूप उघडेना. म्हणाली, “त्यात काई नाही.” भाऊ म्हणाला, “काई नाही तं लपवून काय राहिली?” मग त्यानं कॉलची यादी काढली. तिला मी कुलूप लावलंच नव्हतं. यादीत पुन्हा पुन्हा एकच अक्षर. ‘स’. त्यानं तो नंबर लावला. पुरुषाचा आवाज आला. नाव विचारलं तर फोन कापला.

‘एआरटी सर’ असं राहू दिलं असतं तर भावाला त्यातलं काही कळलं नसतं. कुठल्या तरी साहेबाचा नंबर, एवढंच वाटलं असतं. मी फोनवर “पोषण आहाराच्या ऑफिसातून बोलतोय” म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मी नियम पाळला.

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या दुसऱ्या बाईच्या फोनवरून तिचा फोन आला. मागे पोरांचा कालवा.

“सर, भाऊनं लय इचारलं. म्या सांगून टाकलं, हाय एक माणूस.”

“काहून वं असं सांगतलं?”

“मंग काय सांगू? कुलूप खोललं असतं तं तुमचे मेसेज वाचले असते त्यायनं. मंग घर बी गेलं असतं अन खिचडी बी. माणूस हाय म्हटलं तं चार दिस बोलतीन, मारतीन. शाळा तं राहीन ना.”

“तुला मारलं का त्यानं?”

ती म्हणाली, “घंटी झाली सर, वाढा लागते.” फोन ठेवला. तो आमचा शेवटचा फोन.

मी उठून मेडिकल ऑफिसर मॅडमकडे गेलो.

“मॅडम, शोभाच्या भावाला खरं सांगू का?”

“तिची लेखी संमती आहे?”

“नाही.”

“मग विचारता कशाला?”

“त्याला वाटतंय की मी...”

“काय वाटतंय?”

“मी तिचा यार आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझं वय चोपन्न, पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. म्हणाल्या, “तरी नाही सांगता येत. कायदा आहे. आणि तिनं स्वतः निवडलंय.”

मॅडमचं चूक नव्हतं. या प्रकरणात कुणाचंच फारसं चूक नाही, हेच मला छळतं.

शोभाचा हिशेब मात्र चुकला. भावानं मारलं की नाही, मला माहीत नाही. त्यानं शाळेत जाऊन हेडमास्तरांना सांगितलं, “उद्यापासून शोभी येत नाही.” माणूस भेटत असेल तर जाता-येताच भेटत असेल, असं त्याला वाटलं. फोन काढून घेतला. आठवड्याच्या आत तिला अकोल्याला मावशीकडे नेऊन सोडलं. गोळ्यांची डबी शाळेतच, तांदळाच्या खोलीत राहिली. तिला आणायला जाता आलं नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगताही आलं नाही.

आमच्याकडे गावात जाऊन चौकशी करणाऱ्या एक ताई आहेत. बचत गटाचं निमित्त काढून त्या जाऊन आल्या. “अकोल्याले गेली म्हणतात. मावशीचा पत्ता कोणी देत नाही. जास्त इचारलं तं मलेच इचारू लागले, तुमाले तिच्याशी काय काम?” मी स्वतः जाणं तर शक्यच नव्हतं. माझा आवाज भावानं ऐकला होता. अकोल्याच्या सेंटरला मी तिचं नाव आणि एआरटी नंबर, म्हणजे उपचाराच्या नोंदणीचा क्रमांक, कळवून ठेवला आणि वाट पाहत बसलो. तीन महिन्यांनी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे एलएफयू लिहिलं. म्हणजे पेशंटशी संपर्क तुटला.

पाचव्या महिन्यात अकोल्याच्या काउन्सेलरचा फोन आला. एक बाई टीबीच्या वॉर्डात आहे, कागद काही नाहीत, पण तिनं आपला एआरटी नंबर तोंडपाठ सांगितला. सगळे आकडे, न अडखळता. उपचाराचं पुस्तक घरी ठेवता येत नव्हतं म्हणून तिनं नंबर पाठ केला होता.

मी रविवारी गेलो. मावशी चहा आणायला खाली गेली होती. शोभाला मी ओळखलं ते डोळ्यांवरून. बाकी काही उरलंच नव्हतं.

“लवकर काहून नाही आली सेंटरले?” माझ्या तोंडून हेच निघालं. चूकच होती, पण निघालं.

“मावशी एकटी सोडे ना सर. भाऊनं तसंच सांगून ठेवलं होतं. संडासले जा तरी मांगं उभी.”

“तुले मीच अडकवलं शोभा. थे कुलूप मी लावून दिलं.”

ती दम घेत घेत म्हणाली, “तुमी चांगलंच सांगतलं होतं सर. पण आमच्यात फोन एकल्याचा नसते. थे मीच सांगाले पायजे होतं तुमाले.” मग म्हणाली, “शायेत आता कोण शिजवते?”

मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणालो. मावशीच्या चपला जिन्यात वाजल्या तेव्हा मी डोळे पुसून उठलो.

आधी टीबीच्या गोळ्या बसवायच्या आणि काही दिवसांनी एआरटी पुन्हा सुरू करायची, असं ठरलं होतं. तेवढे दिवस मिळाले नाहीत. अकराव्या दिवशी ती गेली. घरच्यांना टीबी सांगितला, तो होताच.

आता मी कुणालाही फोनचं कुलूप शिकवायच्या आधी दोन प्रश्न विचारतो. घरात फोन कोण कोण घेतं? आणि कुलूप दिसलं तर काय सांगशील? दुसऱ्याचं उत्तर नसेल तर कुलूप नाही. मेसेज वाचून पुसायचे आणि फोन उघडा टाकायचा टीव्हीवर. माझी ती स्लाइड अजून ट्रेनिंगमध्ये दाखवतात. मी साहेबांना सांगून पाहिलं. म्हणाले, “एका केसवरून पॉलिसी बदलत नाही.”

अकोल्याच्या काउन्सेलरनं मला नंतर सांगितलं, भाऊ बॉडी घ्यायला आला होता. भिंतीला टेकून खूप रडला. मग उठून त्यानं वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, “थो माणूस आल्ता का कधी?”

सिस्टरला काय माहीत. ती म्हणाली, “हो, एका रविवारी आले होते एक जण. डोळे पुसत गेले.”

त्या घरात मी आता कायमचा तो माणूस आहे. एकदा वाटतं, जावं आणि सांगावं, मी तो नाही. पण मी तो नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार, मग तू कोण?